गादी राहू द्या, हुद्दा काढा

प्रति,
हाउस ऑफ कॉमन्सचे सर्व सन्माननीय सदस्य,
वेस्टमिन्स्टर, लंडन.

विषय : राजा हवा की नको, हे एकदा लोकांना विचारण्याबाबत.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे म्हणून दचकू नका. तुमच्यापैकी कोणी ते थेट वाचेल अशी माझी समजूत नाही. पण तुमच्या मतदारयाद्यांमध्ये मराठी नावं आहेत. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यालाही कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून तुमच्या निवडणुकीत मत देता येतं, हे आमच्याच बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. ती माणसं हे वाचतील आणि त्यांतलं कोणीतरी एखाद्या शनिवारी तुमच्यासमोर येऊन बसेल, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मी मूळची साताऱ्याची. वीसेक वर्षं झाली, लँकेशायरमध्ये नर्स आहे, त्यातली बरीचशी वर्षं वृद्धांच्या केअर होममध्ये गेली. २०११ साली मी ब्रिटिश नागरिक झाले. रजिस्ट्रारच्या ऑफिसात आम्ही बारा-चौदा जण होतो. भिंतीवर राणीचा फोटो, टेबलावर खोट्या फुलांची परडी, प्रत्येकाच्या हातात लॅमिनेट केलेला कागद. त्यावरचं सगळ्यांनी एका सुरात वाचायचं. पहिल्या परिच्छेदात राणी एलिझाबेथ दुसरी, तिचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ आणि दुसऱ्यात लोकशाही मूल्यं जपण्याचं वचन. ज्याला देवाची शपथ नको असेल त्याला साध्या प्रतिज्ञेची सोय होती. ज्याला राणी नको असेल त्याला कसलीच सोय नव्हती. तुमचंही तेच की. निवडून आल्यावर राजाशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय तुम्हाला बाकावर बसता येत नाही. लोकांनी पाठवलेल्या माणसाने आधी न निवडलेल्या माणसापुढे मान झुकवायची, मग कामाला लागायचं.

मी मात्र अडखळले ती ‘वारस’ या शब्दाशी. सातारकराचे कान या शब्दाला टवकारतात, कारण आमचं राज्य गेलं ते याच शब्दावर. १८४८ साली अप्पासाहेब महाराज वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो मानला नाही, औरस वारस नाही म्हणून सातारा खालसा केलं. त्याआधी १८३९ मध्ये त्यांचे थोरले भाऊ प्रतापसिंह महाराज यांना कंपनीने गादीवरून उतरवून काशीला धाडलं होतं आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते तुमच्या लंडनला आले होते. चौदा वर्षं राहिले. अर्ज केले, पत्रकं छापली, कंपनीच्या सभांमध्ये बोलले, पार्लमेंटची दारं ठोठावली. १८५३ मध्ये रिकाम्या हातांनी परत गेले. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड दिला गेला, त्यात त्यांचा मुलगा होता. ते स्वतः नाहीसे झाले ते कायमचेच.

हे जुनं उकरून काढायला लिहीत नाही. कोहिनूरचा विषय या पत्रात येणार नाही, वाघनखांचाही नाही. साताऱ्याहून लंडनला अर्ज घेऊन येण्याची रीत जुनी आहे, एवढंच सांगायचं होतं. शिवाय १८४८ हे साल तुमच्याही दप्तरात आहे. त्याच वर्षी तुमच्या संसदेने ट्रीझन फेलनी ॲक्ट केला. राजाला पदावरून दूर करण्याचा बेत लेखी मांडला तरी जन्मठेप, असं त्यात म्हटलंय. तो कायदा अजून रद्द झालेला नाही. त्याखाली आता कोणाला धरत नाहीत हे मला माहीत आहे, पण २०१३ मध्ये तुमच्या न्याय मंत्रालयाने तो रद्द झाल्याचं चुकून जाहीर केलं आणि मग ‘नाही, आहे अजून’ असं कळवलं, हेही माहीत आहे. म्हणजे कागदोपत्री मी आत्ता गुन्हा करते आहे.

आता माझ्या आजींबद्दल सांगते. नाव लिहीत नाही. केअर होममध्ये माझ्याकडे होत्या, जन्म १९२१ चा, राणीपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. त्यांच्या उशाला एक पत्र्याचा डबा असायचा, १९५३ च्या राज्याभिषेकाचा, झाकणावर तरुण राणी. रंग उडून राणीचा एक गाल पार पांढरा झाला होता. आत बटणं. त्या दिवशी पाऊस होता, गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि आठ बायका सोफ्याच्या हातांवरसुद्धा बसल्या होत्या, ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल. शंभरी पूर्ण झाली की राणीकडून कार्ड येतं. ते आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. तो मीच भरला होता. कार्ड आलं त्या दिवशी आजींनी लिपस्टिक मागितली. राणी गेली तेव्हा टीव्हीसमोर बसून म्हणाल्या, “बिचारीने आपलं काम केलं.” डोळ्यांत पाणी माझ्या होतं, त्यांच्या नव्हतं.

वर्षाच्या आत आजीही गेल्या. मृत्युपत्र नव्हतं, जवळचं कोणी नव्हतं. छोटं घर होतं, ते बंदच होतं. नातेवाईक शोधायला दोन-तीन महिने गेले, शेवटी बहिणीचा नातू कॅनडात सापडला. पण त्या दोन-तीन महिन्यांत मला इथला एक कायदा कळला. लँकेशायरच्या जुन्या हद्दीत कोणी मृत्युपत्र न करता, वारस न ठेवता वारला तर त्याचं घरदार डची ऑफ लँकेस्टरकडे जातं, म्हणजे राजाच्या खाजगी जहागिरीकडे. कॉर्नवॉलमध्ये तेच युवराजाच्या डचीकडे जातं. बाकी इंग्लंडात सरकारी खजिन्यात. डचीचं म्हणणं असं की खर्च वजा जाता हा पैसा धर्मादाय कामाला लावला जातो. २०२३ मध्ये ‘गार्डियन’ वृत्तपत्राने दाखवून दिलं की त्यातला काही डचीच्याच मालकीच्या, भाडं देणाऱ्या वास्तूंच्या डागडुजीला लागत होता.

वारस नाही, म्हणून खालसा! मी ब्रेकरूममध्ये चहाचा कप तसाच धरून बसले. डलहौसीने आमच्याकडे केलं ते तुमच्याकडे सातशे वर्षांच्या रिवाजाने, शांतपणे, नोटरीच्या भाषेत चालूच आहे. सोबतची फिलिपिनो नर्स विचारत होती काय झालं म्हणून. तिला काय सांगणार, म्हटलं, आमच्या गावची आठवण झाली.

आणि वारस असलेल्यांचं काय? तुमच्या-माझ्या घरात आईबाप गेले तर साधारण सव्वातीन लाख पौंडांच्या (राहतं घर मुलांना गेलं तर पाच लाखांच्या) वर जे काही असेल त्यावर चाळीस टक्के कर. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या वारशावर, १९९३ च्या समजुतीप्रमाणे, शून्य. प्राप्तिकर राजा भरतो, तो स्वखुशीने.

खर्चाचा हिशेब मांडताना राजवाडा नेहमी सांगतो, दर माणशी दोन पौंडसुद्धा पडत नाहीत. त्या दोन पौंडांशी माझं भांडण नाही, हिशेब ज्या रीतीने केला जातो तिच्याशी आहे. क्राउन इस्टेट, म्हणजे राजगादीच्या नावावरची जमीनजुमला, ही काही राजाची खाजगी मिळकत नव्हे. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने तिचं उत्पन्न सरकारला दिलं आणि बदल्यात ठरलेला तनखा घेतला. २०१२ पासून तनखा त्या इस्टेटच्या नफ्याच्या टक्केवारीशी जोडला गेला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ या इस्टेटकडे आहे. त्यावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या, भाडं धो-धो आलं, नफा २०२३-२४ मध्ये ११० कोटी पौंडांवर गेला. टक्केवारी पंचवीसवरून बारावर आणली, त्याचं कौतुकही झालं. तरी २०२५-२६ चं सॉव्हरिन ग्रँट, म्हणजे हाच तनखा, ८ कोटी ६३ लाखांवरून १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेलंच. बकिंगहॅम पॅलेसच्या पाइप-वायरिंगच्या कामाचा शेवटचा टप्पा आहे म्हणे. असेल. पण कायद्यात अशी मेख आहे की ही रक्कम आदल्या वर्षीपेक्षा खाली येऊ शकत नाही. वारा पडला तरी तनखा पडत नाही! माझ्या पगाराला असा कायदा लावून द्या, मी पत्र इथेच फाडते. आणि यात पोलीस बंदोबस्त धरलेला नाही, तो आकडा जाहीरच होत नाही.

२०२३ च्या राज्याभिषेकाला सरकारचे ७ कोटी २० लाख गेले. त्याच दिवशी सकाळी ‘माझा राजा नव्हे’ असे फलक घेऊन ट्रफाल्गर चौकात आलेल्यांना सोहळा सुरू होण्याआधीच पोलिसांनी उचललं. मग दिलगिरी व्यक्त केली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये ऑक्सफर्डला नव्या राजाची द्वाही फिरत होती, तेव्हा गर्दीतला एकजण ओरडला, “यांना निवडलं कोणी?” त्यालाही धरलं, मग सोडलं. प्रश्न साधा होता. उत्तर ज्यांच्याकडून यायला हवं ते तुम्ही आहात, म्हणून हे पत्र पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

राजा काहीच करत नाही, नुसता सही करतो, मग त्रास काय, असं मला इथे डॉक्टरपासून बसड्रायव्हरपर्यंत सगळे सांगतात. काहीच करत नाही हे खरं असतं तर बरं झालं असतं. विधेयक मंजूर झाल्यावरची शाही संमती सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या आधीची एक संमती असते. राजाच्या अधिकारांना किंवा मिळकतीला ज्याचा धक्का लागेल, त्या विधेयकावर सभागृहात पुढे जाण्यापूर्वी राजाची परवानगी घ्यायची. राणीच्या काळात अशा चाळणीतून हजाराहून जास्त कायदे गेले, हे २०२१ मध्ये उघड झालं. भाडेकरू आपल्या घरमालकाला विधानसभेत पाठवतो का आधी कच्चा मसुदा वाचायला? बरं, यावर माहितीच्या अधिकारात काही विचाराल तर राजा आणि पुढचे दोन वारस यांच्याशी झालेला पत्रव्यवहार २०१० च्या दुरुस्तीने पूर्ण झाकलेला आहे. आमच्याकडे तहसीलदाराला घाम फुटतो माहितीच्या अर्जाने.

आणि जिथे राजाने काही करायला हवं तिथे मात्र हात बांधलेले. २०१९ मध्ये पंतप्रधानांनी तुमची संसद पाच आठवडे बंद करायचा सल्ला दिला, राणीने सही केली. तिला दुसरं काही करणं शक्य नव्हतं, कारण न निवडलेल्या माणसाने निवडलेल्याला ‘नाही’ म्हटलं तर गहजब होईल. शेवटी सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ती बंदी बेकायदा ठरवली. राज्यघटनेची राखणदार म्हणून जी खुर्ची ठेवली आहे, तिला राखण करता येत नाही ती याच कारणाने.

इथे माझा शेजारी, निवृत्त शिक्षक, हमखास म्हणतो, “मग काय, ट्रम्प आणून बसवू?” मी त्याला आयर्लंड दाखवते. आयरिश समुद्राच्या पलीकडे, जवळच. तिथे राष्ट्राध्यक्ष लोक निवडतात, सात वर्षांसाठी, राज्यकारभार करत नाही, पण एखादं विधेयक घटनाबाह्य वाटलं तर सुप्रीम कोर्टाकडे पाठवू शकतो. मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये निवडून आल्या. देश बुडाला नाही.

आमच्या भारताचं उदाहरण द्यायला जरा बिचकते, कारण ते दोन्ही बाजूंनी कापतं. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस मंत्रिमंडळाने केली, के. आर. नारायणन यांनी ती फेरविचाराला परत पाठवली. सरकारने माघार घेतली. उलट जून १९७५ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर रातोरात सही केली, तेही निवडलेलेच होते. तेव्हा निवडणूक हे काही रामबाण औषध नाही. पण नारायणन ‘नाही’ म्हणू शकले ते पाठीशी निवड होती म्हणून.

पर्यटनाच्या मुद्द्यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहिणार नाही. व्हर्सायमध्ये राजा नाही, रांगा आहेत. रायगडावरही गादी रिकामी आहे आणि पायऱ्यांवर जानेवारीत उभं राहायला जागा मिळत नाही.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे, साताऱ्यात शाहूपुरीत राहते. देव्हाऱ्याच्या वर छत्रपतींची तसबीर, रोज हार नाही पण दसऱ्याला नक्की. ऑक्टोबर २०१९ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लागली. छत्रपतींचे वंशज उदयनराजे भोसले उभे होते. शरद पवारांची ती भर पावसातली सभा झाली ती याच निवडणुकीत. साताऱ्याने श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं. मी इथून फोनवर विचारलं, “आई, महाराजांना पाडलंत?” आई म्हणाली, “पाडलं कुठं? महाराज आहेतच की. खासदार कोण ते आपण ठरवायचं.” २०२४ ला त्याच मतदारांनी उदयनराजेंना परत दिल्लीला पाठवलं. त्याच वर्षी कोल्हापूरच्या गादीचे शाहू छत्रपती काँग्रेसकडून लोकसभेत गेले. दोन गाद्या, दोन पक्ष. आणि दोघांनाही उन्हातान्हात गावोगाव फिरून हात जोडावे लागले. कोल्हापूरच्या दसरा चौकात अजूनही शमीपूजन छत्रपतींच्या हस्तेच होतं, लोक सोनं लुटतात, गाडी दिसली की मुजरा घालतात. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, सरकारी पदव्या गेल्या. मुजरा बंद झाला नाही, तो कायद्याने सुरूच झाला नव्हता.

माझं सगळं म्हणणं आईच्या त्या वाक्यात आलं. आजींचा डबा कोणी हिसकावून घेऊ नये. विंडसरच्या घराण्यावर ज्यांना जीव टाकायचा आहे त्यांनी टाकावा, लग्नाला रस्त्यावर टेबलं मांडून सँडविच खावीत, मीही एक प्लेट समोसे घेऊन येईन. गादी राहू द्या, राष्ट्रप्रमुखाचा हुद्दा जन्मावर देऊ नका. त्या घरातल्या कोणाला तो हवा असेल तर उभं राहावं की निवडणुकीला. कदाचित निवडूनही येतील. ॲन राजकन्येला मीच मत देईन, बाई कामाची आहे.

तुम्हाला हे तत्त्व नवीन नाही. वंशपरंपरेने वरच्या सभागृहात बसणाऱ्या उरलेल्या उमरावांना काढायचं विधेयक २०२४ मध्ये तुमच्याच सभागृहात आलं. एकविसाव्या शतकात कायदे करण्याचा हक्क जन्माने मिळू नये, अशी भाषणं तुम्हीच केलीत. मग ब्याण्णव उमरावांना लागलेला न्याय एका राजाच्या दाराशी येऊन का थांबतो? प्रेस्टन हे कॅथलिकांचं जुनं गाव. इथल्या निम्म्या शाळांना संतांची नावं आहेत. या शाळांमधल्या मुलांना २०१३ च्या सुधारणेनंतर जोडीदाराचा गादीवरचा हक्क न घालवता राजघराण्यात लग्न करता येईल, पण १६८९ पासूनचा नियम असा की कॅथलिक माणूस या देशाच्या प्रमुखपदी बसू शकत नाही. हिंदूंची, मुसलमानांची गोष्टच नको. पंतप्रधान हिंदू होऊन गेला, कोणाला काही वाटलं नाही. राजाला मात्र चर्च ऑफ इंग्लंडशिवाय गत्यंतर नाही.

राजघराण्यालाही त्रासच आहे तो. राजपुत्र जॉर्ज २०१३ चा, अजून शाळेत आहे. त्याला बस चालवायची आहे की बेकरी काढायची आहे, कोणी विचारलं नाही. त्याचं वारसपद हे त्याच्यावरही लादलेलंच आहे.

अजून एक गोष्ट मला फार खटकते. नॉर्वेचं राज्य चांगलं चालतं आणि तिथे राजा आहे, हे उदाहरण मला नेहमी दिलं जातं. कबूल. पण नॉर्वेने १९०५ मध्ये लोकांना विचारलं, मतदान घेतलं, मोठ्या बहुमताने ‘हो’ आलं आणि मगच राजा बसवला. तुम्ही १६४९ मध्ये राजाचं शीर उडवलंत, अकरा वर्षांनी त्याच्या मुलाला बोलावून आणलंत. (हाच तो दुसरा चार्ल्स, ज्याला मुंबई लग्नात आंदण मिळाली आणि ज्याने ती कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली. मुंबईत घर घेऊ पाहणाऱ्याने हा आकडा वाचू नये.) दोन्ही वेळा लोकांना कोणी विचारलं नव्हतं. आजच्या बहुतेक पाहण्यांत साठ टक्क्यांच्या आसपास लोक राजा ठेवा म्हणतात, तरुणांत हा आकडा बराच खाली येतो. म्हणजे आज मतदान घेतलंत तर माझी बाजू हरेल. हरू दे. निदान पुढच्या रजिस्ट्रार ऑफिसात शपथ वाचणाऱ्याला सांगता येईल की यांना निवडलं कोणी.

चार्ल्स राजांच्या हयातीत काही करू नका, आजारी माणसाला खुर्चीवरून उठवायला मी सांगणार नाही. पण ते आहेत तोवर प्रश्न विचारून ठेवा, कारण एकाचा श्वास थांबताच दुसरा राजा झालेला असतो, मध्ये विचारायला क्षणही उरत नाही. आणि तोपर्यंतची छोटी कामं उद्याच होण्यासारखी आहेत. कुठल्या कायद्यांचे मसुदे आधी राजवाड्यात गेले ते छापा. १८४८ चं ते कलम या वेळी चूक न करता रद्द करा. नागरिकत्वाच्या कागदावरचा पहिला परिच्छेद ऐच्छिक करा. आणि लँकेशायरमध्ये बेवारस मेलेल्या माणसाचं घर लँकेशायरच्या कौन्सिलला द्या. वृद्धांच्या सेवेला तिच्याकडे पैसे नाहीत, हे मी रोज बघते.

आमच्या खासदारांची सर्जरी शनिवारी असते. हा शब्द मला पहिल्यांदा कळला नव्हता, वाटलं खासदार डॉक्टर आहेत. आमच्याकडे आमदाराच्या अशा भेटीला जनता दरबार म्हणतात. राजे गेले, दरबार राहिला. येत्या शनिवारी माझी ड्यूटी दोनपासून आहे. सकाळी साडेनऊला मी रांगेत असेन, या पत्राचं इंग्रजी भाषांतर घेऊन.

कळावे,

आपली,
एक मतदार
(मुक्काम प्रेस्टन, मूळ गाव सातारा)